चुरीकाकांचं ऊन

आमच्या इमारतीत सगळे त्यांना चुरीकाका म्हणायचे. मी ‘मिस्टर चुरी’ म्हणायचो. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, तेव्हा काका म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण काका म्हटलं की माणूस जवळ येतो, आणि मला तो जवळ नको होता. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, की मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, सेक्रेटरीने सगळ्यांशी सारखं अंतर ठेवावं. ते खोटं होतं. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. रोज वाटायचा, सकाळी दूध आत घेताना जिन्यात त्यांचा आवाज आला की सुरू व्हायचा तो दिवस मावळेपर्यंत.

चुरीकाका मूळचे आगाशीचे, वाडीतले. पानवेली, केळी, मोगरा असं सगळं घरचं. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला विहिरीकडचा एक तुकडा आला, आणि ते बायकोला घेऊन विरारला आमच्या इमारतीत राहायला आले. इमारतीत पाऊल ठेवणारं पहिलं कुटुंब त्यांचंच. सातिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले. कमरेच्या पट्ट्याला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा लटकलेला असायचा. वाडीच्या फाटकाची, पंपघराची, विकून टाकलेल्या पहिल्या स्कूटरची, कसलीकसली किल्ली त्यात होती. ते जिना चढायला लागले की आधी जुडगा ऐकू यायचा, मग ते दिसायचे. एकही किल्ली ते काढून टाकत नसत. म्हणायचे, “कुलूप गेलं म्हणून किल्लीने कुठे जायचं?”

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, हे गृहस्थ तंबू घेऊन आले. आणि तंबूच्या मागोमाग ती पेटी. खोक्यावर तिचं नाव पोर्टेबल पॉवर स्टेशन असं काहीतरी छापलेलं होतं, काका पहिल्या दिवसापासून पेटीच म्हणाले. भजनी मंडळातल्या पेटीएवढीच, राखाडी, वर धरायला मूठ, समोर प्लग लावायची भोकं आणि आकडे दाखवणारा छोटा पडदा. सोबत पुस्तकासारखी उघडणारी दोन सौर पॅनेलं. पॅनेलं उन्हात पसरायची, वायर पेटीला जोडायची, पेटी भरली की ती उचलून न्यायची जंगलात नाहीतर अंधारात. भिंतीतल्या प्लगला लावूनही ती भरते, हे मीच त्यांना माहितीपत्रक वाचून दाखवलं होतं. त्यावर ते दुखावल्यासारखे झाले. “दिघेसाहेब, दारात विहीर असताना नळाला भांडं लावायचं काय?” पेटी उन्हावरच भरायची, असा त्यांचा हट्ट होता.

इथे माझं एक सांगायला हवं. आमच्या इमारतीत पहिला इन्व्हर्टर माझ्याकडे आला. दोन मोठ्या बॅटऱ्या, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, खास बनवून घेतलेल्या लाकडी कपाटात. आमच्याकडे लाईट जाते ती काही नवलाई नाही. उन्हाळ्यात जाते, पावसाळ्यात जाते, मधल्या दिवसांत दुरुस्तीसाठी जाते. ती गेली की सगळ्या इमारतीत आमचीच खिडकी उजळलेली राहायची. बाजारातून येताना खालून ती खिडकी दिसली की मला बरं वाटायचं. मी कुणाचं वाईट चिंतत नव्हतो. फक्त बाकीच्या खिडक्या काळ्या असल्याशिवाय आमची तेवढी छान दिसली नसती.

पेटी आल्यावर काकांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्ची मागितली. ते चौथ्या मजल्यावर, सगळ्यात वर राहायचे. गच्चीचं दार त्यांच्यापासून एका जिन्यावर. दिवसातून दोन-चार तास पॅनेलं पसरीन आणि उचलून आणीन, एवढंच त्यांचं म्हणणं. मी नियम सांगितला. गच्ची सामाईक आहे. आज एकाला दिली तर उद्या सगळे तिथे पापड घालतील.

“घालू दे की,” काका म्हणाले. “पापडांनापण ऊन लागतंच.”

सगळे हसले. माझी बायको सुनंदा शेवटच्या रांगेत बसली होती, तीही हसली. तोंडाला पदर लावून नाही, मोकळी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली होती, ते मी तिथे खुर्चीत बसून आठवून पाहिलं. आठवेना. दुसऱ्या दिवशी मी गच्चीला कुलूप असल्याची आणि तिचा खासगी वापर करायचा नसल्याची नोटीस फळ्यावर लावली. चावी आमच्या दारामागच्या खिळ्यावर टांगली.

काकांनी तक्रार केली नाही. ते खाली उतरले आणि ऊन शोधायला लागले.

आमची इमारत अशी काही दाटीत बांधलेली आहे, की तिच्या पायथ्याशी ऊन येतं ते पाहुण्यासारखं, थोडा वेळ बसतं आणि उठतं. काकांनी त्या पाहुण्याचा पिच्छा पुरवला. सकाळी कचऱ्याच्या डब्यांमागच्या भिंतीशी, मग फाटकाजवळ, दुपारी आवारात, उतरत्या उन्हात पंपघराच्या पाठीमागे. एका हातात पेटी, काखेत पॅनेलं, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं स्टूल. पॅनेल मांडायचं, मान वाकडी करून सूर्याकडे पाहायचं, बोटभर तिरकं करायचं, पुन्हा पडद्यावरचा आकडा पाहायचा. पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी सगळ्याचाच जोर जातो, त्यामुळे सावली म्हटली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. पहिल्या मजल्यावरच्या पाटीलवहिनींना ते खालून हाक मारून सांगत, “वहिनी, तुमचा गाऊन माझं अर्धं ऊन खातोय हो, जरा सरकवा.” आणि वहिनी, ज्या माझ्या नोटिशीनंतरही कपड्यांची दोरी काढत नव्हत्या, हसतहसत गाऊन सरकवायच्या.

मी एकदा म्हणालो, मिस्टर चुरी, उतारवयात एवढी वणवण कशाला. त्यांना त्यातला काटा कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, पानवेलीला ऊन सोसत नाही, तेव्हा बाप आम्हाला दिवसभर सावली करायला पळवायचा. जन्मभर सावली केली, आता ऊन करतोय, फिटंफाट.

दुपारचं सगळ्यात चांगलं ऊन माझ्या गाडीच्या जागेवर पडायचं. एक दिवस पाहतो तर माझ्या बॉनेटवर जुनी चादर, चादरीवर पॅनेलं, आणि शेजारी स्टुलावर काका पेरू खात बसलेले. “ओरखडा येऊ नये म्हणून चादर घातलीय,” ते म्हणाले आणि अर्धा पेरू पुढे केला. मी पेरू घेतला नाही. ऑफिसचं काम आहे सांगून गाडी काढली, बाहेर एक चक्कर मारली, आणि परत आल्यावर मुद्दाम तिथेच, पण आडवी लावली. पॅनेलं मांडायला कुठे सपाट जागा उरू नये म्हणून. एवढ्या बारीक गोष्टीचा विचार मी माझ्या नोकरीतही कधी केला नसेल.

पेटी भरून त्यांनी घरात ठेवली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण लाईट गेली की ती फिरायला निघायची. आधी तिसऱ्या मजल्यावर मारियाआजीकडे. तिला दम्याचा त्रास, वाफेचं मशीन विजेवर चालायचं. मग कुणाचा मोबाईल, कुणाच्या मुलीची ऑनलाईन परीक्षा. काका पेटी ठेवून परत येत नसत, तिथेच बसत. मशीन घरघरतंय, आजी तोंडावर मास्क धरून बसलीय आणि काका तिला वाडीतल्या कुणाकुणाच्या कागाळ्या सांगतायत. मास्कमुळे तिला उत्तर देता येत नाही, हे त्यांना फार सोयीचं, असं तीच मास्क काढून सांगायची. अशा बसण्यातून इमारतीतलं काहीही त्यांच्यापासून लपून राहिलं नाही. कुणाचा मुलगा बोलत नाही, कुणाची नोकरी गेली आणि अजून घरात सांगितलेलं नाही. मला सेक्रेटरी असून फक्त कुणाचा मेंटेनन्स थकलाय तेवढं माहीत.

मग लोक उलटे त्यांच्याकडे जायला लागले. संध्याकाळी लाईट गेली की चौथ्या मजल्यावर पेटीला एक दिवा लावलेला, काकू गुळाचा पातळ चहा करायच्या, आणि सगळे जमिनीवर. आमच्या घरात पंखा फिरतोय, ट्यूब जळतेय, टीव्ही चालू. आणि सुनंदा चपला पायात घालतेय.

मी विचारलं, इथे काय कमी आहे.

ती दारात थांबली. चिडलेली नव्हती. “तुमचा इन्व्हर्टर भिंतीला बांधलाय हो,” एवढं म्हणाली आणि वर गेली. मी ट्यूबखाली बसून राहिलो. वरून हसण्याचे आवाज यायचे आणि त्यातलं तिचं हसणं मला वेगळं काढता यायचं. माझ्या मनात वेडंवाकडं काही नव्हतं, हेही स्पष्ट सांगतो. तशी शंका असती तर सोपं गेलं असतं. ती एका म्हाताऱ्या जोडप्याकडे, दहा माणसांत, चहा प्यायला जायची. तिला तिथे बरं वाटायचं, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्या थंडीत काकांनी सगळ्यांना कामणच्या पुढे, चिंचोटीच्या बाजूला, त्यांच्या ओळखीच्या एका शेतावर तंबूत राहायला नेलं. पावसाळ्यात तिथे धबधब्याला जत्रा लोटते. थंडीत मात्र कापलेलं भात, मोकळी खाचरं आणि डोंगर. मी जाणार नव्हतो. सुनंदा जाणार म्हणाली, म्हणून गेलो. काकांनी महिनाभर बढाया मारल्या होत्या: चूल नाही, धूर नाही, पेटीवर भात, पेटीवर चटणी, पेटीवर चहा. मी काय केलं, तर कुणाला न सांगता गाडीच्या डिकीत घरातली गॅसची छोटी शेगडी टाकली. पेटी फसेल आणि तेव्हा मी डिकी उघडेन, असा सगळा देखावा माझ्या डोळ्यांसमोर होता.

आणि खरंच फसली. काकांनी भाताचा कुकर लावला, त्याच्या जोडीला पाण्याची किटली लावली, मिक्सरही लावला. पेटीने एक बारीक शीळ घातली आणि सगळं बंद पडलं. काकांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, “घाबरली. माणसं जास्त बघितली ना.” भुकेली माणसं, अर्धा शिजलेला भात, आणि तरी सगळे हसून लोळायला लागले. मी डिकी उघडली. शेगडी आणून ठेवली. मला वाटलं होतं, आता क्षणभर तरी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतील. त्या वळल्याही. पण काकांनी लगेच उठून माझे दोन्ही खांदे धरले आणि सगळ्यांना सांगितलं, की हा माणूस बोलत नाही पण सगळ्यांची काळजी वाहतो, म्हणून तर ह्याला सेक्रेटरी केलाय. खरोखर मनापासून बोलले. टाळ्या पडल्या. आणि तो सोहळाही त्यांचाच झाला. मी भात ढवळत बसलो. माझ्या शेगडीमागचा हेतू मला एकट्याला माहीत होता. त्या टाळ्यांनी माझी जेवढी शोभा झाली तेवढी कुणाच्या शिव्यांनी झाली नसती.

आता जे सांगायचं टाळत आलो, ते.

मे महिन्याच्या अखेरीला वादळी वारं झालं. गल्लीच्या तोंडाशी झाड पडलं, त्याने विजेचे खांब ओढून घेतले, आणि लाईट गेली ती दिवसांवर दिवस आली नाही. माझा इन्व्हर्टर पहिल्याच रात्रीत संपला. पेटी पुरवून पुरवून वापरली, तीही दुसऱ्या दिवशी संपली. मग आभाळ निवळलं आणि कडक ऊन पडलं. पण खाली आवारात तुटलेल्या फांद्यांचा ढीग, त्यात पाण्याचा टँकर उभा, बादल्यांची रांग. पॅनेल मांडायला वीतभर ऊन नाही. गच्चीवर मात्र ऊन नुसतं सांडत होतं.

काका आमच्या दारात आले. काखेत पॅनेलं, हातात रिकामी पेटी. सुनंदा माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“सेक्रेटरी,” ते म्हणाले, “आज गच्ची द्या. आजीला सकाळपासून वाफ नाही.”

चावी माझ्या पाठीमागे, दारामागच्या खिळ्यावर होती. हात मागे नेला असता तर मिळाली असती. मी द्यायलाच निघालो होतो, असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. मी सुनंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती त्यांच्याकडे पाहत होती, आता सगळं ठीक होईल अशा नजरेने. आमच्या संसारात ती नजर माझ्या वाट्याला आली नव्हती.

“चावी सापडत नाहीये,” मी म्हणालो. “शोधतोय.”

काकांचा हात सवयीने कमरेच्या जुडग्यावर गेला, किल्ल्या वाजल्या, आणि हात तिथेच थांबला. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “बरं. शोधा सावकाश.”

ते जिना उतरले. पेटी पायांमध्ये धरून, पॅनेलं पाठीला बांधून, रस्त्यांवर झाडं पडलेली असताना ते स्कूटरवर आगाशीला गेले, विहिरीकडच्या त्यांच्या तुकड्यावर. पेटी भरेपर्यंत दिवसभर तिथे उन्हात बसले. त्या दिवसभर मारियाआजी खिडकीत बसून श्वास ओढत होती. आमचा जिना पोकळ आहे, वरचं सगळं खाली ऐकू येतं. मी दार लावलं तरी येत होतं. तिला काही झालं नाही. दिवस कलताना काका परतले, नाकाची कातडी सोलवटलेली, आणि थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. मशीनची घरघर सुरू झाली. काही झालं नाही, हे वाक्य मी तेव्हापासून स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवलंय. ते दर वेळी थोडं कमी पटतं.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो तर ताटाशेजारी, पाण्याच्या तांब्याला टेकून, गच्चीची चावी ठेवलेली होती. सुनंदाने भाजी वाढली, पोळी वाढली. चावीबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही.

सकाळी चावी नेऊन द्यायची असं मी ठरवलं. काय बोलायचं तेही जुळवलं. पण पहाटेच लाईट आली. पंखा फिरायला लागला, आणि अंथरुणात पडल्यापडल्या मला सुटल्यासारखं झालं. खोटं बोललो त्याची लाज वाटतेच. पण त्या सुटकेची लाज त्याहून जास्त आहे.

पावसाळा संपल्यावर काकांनी फ्लॅट विकला. विहिरीकडच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या. जायच्या दिवशी सगळी इमारत खाली. मारियाआजीसुद्धा खुर्ची टाकून फाटकाशी बसली होती. टेम्पो भरून झाला तसे काका माझ्याकडे आले. स्कूटरचा पार्किंगचा स्टिकर परत दिला. मग जुडगा काढला आणि अंगठ्याच्या नखाने एक किल्ली कडीतून सोडवायला लागले. कडी घट्ट होती, वेळ लागला. मी समोर उभा.

“ही गच्चीची,” ते म्हणाले. “बिल्डरनं दिली होती, सुरुवातीला टाकीचं मीच बघायचो ना. कुलूप तेच आहे अजून. सोसायटीची वस्तू, तुमच्याकडे असू द्या.”

मला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे कचऱ्याच्या डब्यांमागे, फाटकापाशी, माझ्या बॉनेटवर हा माणूस ऊन गोळा करत फिरत होता तेव्हा ही किल्ली त्याच्या कमरेला होती. आणि त्या दिवशीही.

“मग त्या दिवशी…” मी म्हणालो.

“तुम्ही शोधत होता ना,” काका म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी काहीतरी बोललो असतो. “मी म्हटलं, सेक्रेटरीला सापडू दे.” किल्ली माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी बोटं मिटवली. मग थोडं थांबून, खाली बघत, म्हणाले, “चुकलंच माझं. आजीचा विचार आधी करायला हवा होता. आगाशीला पोचेपर्यंत मीपण रागातच होतो.”

तेवढ्यावर माझ्या तोंडून माझंही काही निघायला हवं होतं. निघालं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की बघा, हेही ह्यालाच जमलं. चूक माझी, आणि ती माझ्याआधी कबूल करून मोकळाही हाच झाला.

आगाशी इथून फार लांब नाही. सुनंदा जाते मधूनमधून, येताना मोगरा आणते. मी अजून गेलेलो नाही. तिथे जाऊन जे बोलायचं ते इथे लिहितोय, ह्यातही माझा स्वभाव दिसतो.

टेम्पो निघाला तेव्हाचे काका मला दिसतात ते असे: पुढच्या सीटवर, मांडीवर पेटी धरून बसलेले. फाटकातून बाहेर पडताना गाडीवर एकदम ऊन आलं. काकांनी ड्रायव्हरला थांबायला लावलं. मागून एक पॅनेल मागून घेतलं, उघडून खिडकीबाहेर धरलं, मान वाकडी करून वर पाहिलं, बोटभर तिरकं केलं. शेजारून सुनंदा हसली, तशीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या मुठीत किल्ली होती, आणि दुसरी, खिळ्यावरची, सकाळपासून खिशात. मी ती त्यांना देण्यासाठीच खाली आणली होती.